दहा दिवसवाल्या सिस्टरबाई

“काठी खाली ठेव म्हटलं ना! मेलेल्या कुत्र्याले दहा दिवस काय तुमचा बाप पाहीन?”

हा आवाज सिस्टरबाईंचा. मी त्या वेळी हुडकेश्वरच्या आमच्या ले-आउटमधल्या, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीतल्या, रस्त्यावर उताणा पडलो होतो. एक चप्पल पायात, एक नालीत आणि डावी पोटरी शेरूच्या तोंडात. शेरू म्हणजे समोरच्या किशोरभाऊंचा तांबडा कुत्रा. ना आमचं कधी बिघडलं होतं, ना मी त्याच्या वाटेला गेलो होतो. भोवती चाळीसेक माणसं काठ्या, सळाखी आणि क्रिकेटचा स्टंप घेऊन उभी होती. किशोरभाऊ म्हणतात, सात होती. पण चावला त्यांचा कुत्रा, पोटरी माझी, तेव्हा मोजायचा हक्कही माझाच. पहिली काठी शेरूच्या पाठीवर बसली, दुसरी माझ्या गुडघ्यावर. तिसरी बसायच्या आत साठी ओलांडलेल्या सिस्टरबाई गर्दीत शिरल्या, एकाच्या हातची काठी हिसकली, त्याच्याच पाठीत मोडली आणि उरलेल्या तुकड्याने बाकीच्यांना कुंपणापर्यंत रेटलं. शेरूच्या गळ्यात त्यांनी फाटकाची साखळी अडकवली. माझ्या गळ्यात हात घातला. दोघांना सारख्याच प्रेमाने ओढत नेलं. शेरूला खांबाकडे, मला नळाकडे.

नळाखाली बाईंनी माझा पाय कपड्याच्या साबणाने पंधरा मिनिटं घासला. घड्याळ लावून पंधरा. चौदाव्या मिनिटाला मी म्हणालो, “बाई, हाड दिसून राहिलं.” त्या म्हणाल्या, “दिसू दे, ते बी धुऊ.” तेवढ्यात एक शेजारीण वाटीत तेल-तिखट घेऊन आली, जखमेत भरायला. बाईंनी ती वाटी अशी भिरकावली की पुढे दोन दिवस समोरच्या घराच्या भिंतीवर शिंकत शिंकत मुंग्या चढत होत्या. मागून कोणी चुना आणला. त्याला सांगितलं, “पानाले लाव.” मग चष्मा नाकावर ओढून त्यांनी माझी पोटरी वाचली, पेपर वाचावा तशी. “तीन भोकं. कुत्र्याचा वरचा एक सुळा तुटका हाय.” आणि मला रिक्षात कोंबून इंजेक्शनला घेऊन गेल्या. जखमेच्या आत टोचलेल्या त्या औषधाची आठवण मी इथे काढत नाही. ज्यांनी ते घेतलंय ते हा लेख सोडून उठतील.

बाईंची नोकरी सरकारी दवाखान्याच्या इंजेक्शनच्या खोलीत झाली होती. तीस वर्षं रोज कुत्रा, मांजर, माकड चावलेले आणि एकदा तर सासू चावलेला एक जावईदेखील. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, त्याचीच जखम सगळ्यात खोल होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी खोली सोडली, नियम सोडला नाही. ले-आउटमध्ये कोणाला काहीही चावलं तरी तो नियम एका दमात ऐकावा लागे. “माणसाले धुवा, कुत्र्याले बांधा. सुया माणसाच्या तारखेवर, कुत्रा दहा दिवस नजरेपुढं. अन् कुत्र्याले जो मारन त्याले मी मारीन.” शेवटचं वाक्य ही पोकळ धमकी नसे. आमच्याकडच्या निदान पाच जणांच्या गालावर त्याचा पुरावा होता.

दहा दिवसांच्या पाहणीची त्यांची एक खास पद्धत होती. बांधलेला कुत्रा पाणी पितो का, भाकर खातो का हे तर कोणीही बघेल. बाई त्याचा आवाज तपासत. पिसाळणाऱ्या कुत्र्याचा आवाज आधी फाटतो, असं त्या सांगत. आता कुत्र्याला भुंक म्हटलं म्हणून तो थोडाच भुंकतो. म्हणून सकाळी सातला बाई किशोरभाऊंच्या फाटकासमोर उभ्या राहत, लुगड्याचा काष्टा घट्ट करत आणि स्वतः भुंकत. पहिल्या दिवशी दूधवाला सायकलसकट नालीत गेला. दुसऱ्या दिवशी पार दिघोरी नाक्यापर्यंतची कुत्री उत्तर देऊ लागली. ज्याचं उत्तर हवं तोही शेपूट हलवत छान खणखणीत भुंके, बाई मान डोलावत आणि मला हाक मारत. “मास्तर, कुत्रा ठीक हाय. तुमची सुई?”

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी शाळेत मास्तर. मुलांनी खोटं बोललेलं मला शेवटच्या बाकावरूनही ऐकू येतं. पण तिसऱ्या दिवशीच्या इंजेक्शनला मी गेलोच नाही. कुत्रा समोर शेपूट हलवून राहिला, भाकरी हाणून राहिला, मग मी काहून दंडाला भोक पाडून घेऊ? मी बाईंना तोंडावर सांगितलं, “घेतली.” वर दंड चोळून दाखवला.

पाचव्या दिवशी बाई भुंकल्या आणि कुत्र्याने उत्तर द्यायच्या ऐवजी जांभई दिली. सकाळच्या उन्हात जबडा उघडला. बाई तशाच वाकून राहिल्या. मग त्यांनी त्याचा वरचा ओठ उचलला आणि मोजलं. दोन्ही सुळे शाबूत.

किशोरभाऊ दात घासत बाहेर आले होते. त्यांचा ब्रश पुढे गुलमोहराखाली सापडला. बाईंनी त्यांना कानाखाली दिली, मग दुसऱ्या कानाखाली, मग ते पळाले तेव्हा फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत साखळीने. “शेरू कुठं हाय?” प्रत्येक फटक्यामागे एवढंच. चौथ्या फेरीत उत्तर आलं. महापालिकेची गाडी शेरूला नेईल आणि परत देणार नाही, या भीतीने भाऊंनी चावल्याच्या रात्रीच त्याला कोराडीला साडूच्या क्वार्टरवर पोहोचवलं होतं. त्याच रंगाचा एक बेवारशी कुत्रा गांधीबागेच्या कापड बाजारातून उचलून शेरूचा पट्टा त्याच्या गळ्यात घातला होता. “सारेच तांबडे सारखे दिसतेत बाई,” भाऊ टाकीमागून म्हणाले.

बाई माझ्याकडे वळल्या. “मास्तर, दुसरी सुई?”

मी खरं सांगितलं. मला वाटलं, आता माझी पाळी. पण त्यांनी हात उचलला नाही. फक्त घड्याळ पाहिलं. त्या दिवसापर्यंत मला कुत्र्याची भीती वाटली नव्हती, तेव्हा वाटली.

किशोरभाऊंच्या गाडीत आम्ही तिघं आधी दवाखान्यात गेलो, माझी राहिलेली सुई घेतली आणि मग कोराडीला. वीजकेंद्राच्या राखेचे ढिगारे, कोळशाचे ट्रक आणि पिवळ्या क्वार्टर्सची रांग. साडू दारातच म्हणाले, कुत्रा दोन दिवसांपासून कोणाकडे येत नाही, मागच्या खोलीत कोंडलाय. बाई त्या दारासमोर उभ्या राहिल्या आणि रोजच्यासारख्या भुंकल्या.

आतून जे उत्तर आलं ते भुंकणं नव्हतं. फाटका पत्रा ओढत न्यावा तसं काहीतरी होतं, शेवटी चिरकत बंद पडणारं. मी आजवर प्रत्येक गोष्ट वाढवून सांगितली आहे. हा आवाज मात्र जेवढा होता तेवढाच सांगतो.

पुढचं फार लवकर घडलं. दाराची खालची फळी त्याने आधीच कुरतडली होती, ती मोडली. शेरू बाहेर आला, तोंड रक्ताने आणि लाळेने माखलेलं, नजर कोणावरच नाही. सरळ माझ्या अंगावर. बाईंनी मला छातीवर धक्का देऊन पाडलं आणि स्वतःचा हात मध्ये घातला. दातांचा हाडावर आवाज झाला. किशोरभाऊ “शेरू, शेरू” करत रडायला लागले. बाईंनी दुसऱ्या हाताने लोखंडी बादली त्याच्या डोक्यावर दोनदा हाणली, जबडा सुटताच त्याला पायाने आत लोटलं, वरून साडूंचं कपाट आडवं पाडलं. मग नळावर जाऊन बसल्या. “मास्तर, घड्याळ लावा. पंधरा.” साबण मी लावला.

त्यांनी नोकरीत आधीच सुया घेतलेल्या होत्या, म्हणून त्यांना दोनच पुरल्या. जनावरांच्या डॉक्टरला फोन त्यांनीच केला. साडूंच्या घरातल्या, नुसतं चाटून घेतलेल्या माणसांनाही त्यांनी रांगेत उभं करून दवाखान्यात नेलं. शेरू दुसऱ्या दिवशी गेला. तपासणीत पिसाळलेला निघाला. परतीच्या वाटेवर गाडीत त्या एकदाच बोलल्या. “एक माणूस होता, तुमच्याच वयाचा. दवाखान्याच्या जाळीच्या खोलीत. पाणी मांगे, अन् पेला पाह्यला का ओरडे. मी पाजू नाही शकली.” मग खिडकीबाहेर राख बघत बसल्या.

त्या गणपतीत बाईंनी मंडळाचा माईक हिसकून किशोरभाऊंच्या बदली कुत्र्याची कथा आरतीच्या आधी सगळ्या ले-आउटला ऐकवली, बाजारातल्या गल्लीच्या पत्त्यासकट. भाऊंनी महिनाभर मागच्या दाराने ये-जा केली. तो गांधीबागवाला मात्र त्यांच्याकडेच राहिला. बाई त्याला भाकर टाकत आणि भाऊंकडे बघत नसत.

बाई मागच्या वर्षी गेल्या. झोपेत, हृदयाने. एवढ्या हाणामारीच्या बाईला एवढं शांत मरण आलं यावर आमच्याकडे अजून कोणाचा विश्वास बसत नाही. आता ले-आउटमध्ये कोणाला कुत्रा चावला, की दहा दिवस सकाळी सातला त्या कुत्र्याच्या फाटकासमोर मी भुंकतो. मास्तर असून. पोरं शाळेत नक्कल करतात, करू देत.

त्या वर्षी, शेरू चावल्याच्या अठ्ठाविसाव्या दिवशी, शेवटची सुई घेऊन मी बाईंकडे गेलो होतो. दारात उभं करूनच त्यांनी दंड तपासला, या वेळी चोळून दाखवणं चाललं नाही. मी जिवंत राहणार हे तेव्हा कुठे मला पटलं. निघता निघता विचारलं, “बाई, किशोरभाऊचं तुम्ही माईकवरून सांगितलं. मी सुई चुकवली, खोटं बोललो, हे माझ्या बायकोलेबी नाही सांगितलं. काहून?”

बाई पट्टी बांधलेल्या हाताने तांदूळ निवडत होत्या.

“कोणी इचारलं नाही.”