कॅरॅव्हॅनच्या छतावरची हळद

पस्तीस वर्षं मी लोकांच्या हाडांत स्क्रू घातले. तेव्हा लाकडातले स्क्रू काढणं आपल्याला जड जाणार नाही, अशी माझी समजूत होती. एप्रिलमधल्या एका कोरड्या सकाळी मी लंडनच्या पिनर उपनगरातल्या आमच्या घराशेजारी बारा वर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली, मोटारीमागे ओढायची जुनी कॅरॅव्हॅन उघडली आणि दुपारपर्यंत तिच्या पोटातलं सगळं बाहेर हिरवळीवर मांडलं. कपाट, बाकं, बेसिनखालची पेटी, मधली अर्धी भिंत. फार समाधान वाटलं. चहा करायला घरात गेलो, कप घेऊन परत आलो, तर छत मधोमध वीतभर खाली आलेलं.

शेजारचे गृहस्थ कुंपणापलीकडून हे सगळं बघत होते. इंग्रज, आयुष्यभर सुतारकाम केलेले, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तरी मी त्यांना मनातल्या मनात म्हातारा म्हणतो.

"डॉक," ते म्हणाले, "कपाट काढलंस तू."

"हो. सगळंच काढलंय."

"या जुन्या गाड्यांत छत कपाटावर उभं असतं."

त्यांनी शांतपणे आपला चहा संपवला.

"पेशंटचा पण आधी सांगाडा काढून बाजूला ठेवायचास का?"

मग ते गॅरेजमधून दोन टेकू घेऊन आले आणि त्या दिवसापासून, न विचारता, रोज येऊ लागले.

हा उद्योग मी का आरंभला ते सांगायला हवं. माझ्या बायकोला दोन वर्षांपासून घर ओळखू येत नाही. माणसं मधूनमधून ओळखू येतात. लेक ग्लासगोहून फोनवर दिसली की चेहरा उजळतो, मीही बरेच दिवस मीच असतो. घर मात्र नाही. दुपारी चार वाजले की ती पर्स हातात घेऊन दारापाशी येऊन उभी राहते आणि विचारते, "निघायचं ना आता घरी?" मेमरी क्लिनिकमधल्या बाईंनी बजावलं होतं, वाद घालू नका. मी घातला. एकदा तर मी घराची कागदपत्रं काढून तिच्यापुढे ठेवली, दोघांची नावं बोटाने दाखवली. तिने चष्मा लावून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, नीट घडी घालून परत दिली आणि म्हणाली, "चांगलं झालं. पण उशीर होतोय आपल्याला."

मार्चमध्ये एकदा स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी असताना तिने त्या ताडपत्रीच्या ढिगाकडे बोट केलं आणि म्हणाली, "ते आपलं." बस, दोन शब्द. त्या दोन शब्दांवर मी अख्खा उन्हाळा उभा केला. लेक चार वर्षांची असताना ती कॅरॅव्हॅन आम्ही घेतली, तेव्हाच ती म्हातारी होती. दर वर्षी ऑगस्टमध्ये पंधरा दिवस वेल्सच्या किनाऱ्यावर, नाहीतर वर स्कॉटलंडला. मी हिशेब केला की ज्या घराची ही रोज आठवण काढते ते हेच असलं पाहिजे. ते पूर्वीसारखं उभं करायचं, तिला आत बसवायचं, आणि तिने एकदा, फक्त एकदा, "आलो बाई घरी" म्हणायचं. पुढे ती विसरली तरी चालेल. मी विसरणार नव्हतो.

पूर्वीसारखं, असं मी म्हटलं खरं. पण मी सर्जन माणूस. कुजलेलं दिसलं की कापायचं, एवढंच मला येतं.

कोपऱ्यात ओल होती, तिथलं लाकूड केकसारखं बोटाने निघत होतं. ते कापलं, नवं बसवलं. मी कापलेलं अर्ध्या इंचाने आखूड निघायचं, मग म्हाताऱ्याने कापलेलं बसायचं. भिंतींवर नवं प्लायवूड आलं. बाकांवरच्या गाद्यांना तपकिरी चौकड्यांची खोळ होती. हिने ती स्वतः शिवली होती आणि एका कोपऱ्यात शिवण उलटी पडली होती, त्यावरून मी तिला दहा वर्षं चिडवलं होतं. त्या गाद्या मी कौन्सिलच्या कचरा डेपोवर नेऊन टाकल्या. नवा फोम, करड्या रंगाचं कापड. पडदेही करडे. खिडक्यांचं माप घेताना मी पट्टी उलटी धरली होती, त्यामुळे एक पडदा जमिनीपर्यंत लोंबतो आणि दुसरा खिडकीच्या मध्यावर येऊन थांबतो. तो मी तसाच ठेवला, हवेशीर आहे म्हणून.

राहिलं छत. म्हाताऱ्याच्या टेकूंनी ते जागेवर आलं, पण गॅसच्या शेगडीच्या वर ताटाएवढा पिवळा डाग होता, आणि त्याच्याभोवती तेलकट तपकिरी कडा. शिडीवर चढून म्हातारा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. वासही घेतला.

"इथे काय शिजवायचात तुम्ही?"

"टोस्ट," मी म्हणालो.

का म्हणालो? मी सत्तरी उलटलेला माणूस, त्या म्हाताऱ्याने आमच्या घरी दोनदा बटाटेवडे खाल्लेले, आणि तरी माझ्या तोंडून टोस्ट निघालं. त्याचं मूळ फार जुनं आहे. या देशात आलो तेव्हा आम्ही हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. एके सकाळी लिफ्टमध्ये माझे वरिष्ठ, अगदी सभ्य माणूस, हसून म्हणाले, "कुणाकडे तरी काल झकास करी झालेली दिसते." लिफ्टमध्ये आम्ही दोघेच होतो. संध्याकाळी घरी येऊन मी नियम केला. फोडणी घालायच्या आधी सगळे कोट बेडरूममध्ये, बेडरूमचं दार बंद, दाराच्या फटीला टॉवेल, आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी, जानेवारी असला तरी. हिने हूं की चूं केलं नाही. आमच्या ओळखीच्या सगळ्याच घरांतून कमीअधिक हेच चालायचं, त्यामुळे मला त्यात वावगं काही दिसलं नाही.

कॅरॅव्हॅनमध्ये तेवढा नियम नव्हता. तिथे कोट नव्हते, माझे वरिष्ठ नव्हते, समुद्राचा वारा होता. दार सताड उघडं टाकून ही हिंग-मोहरीची फोडणी द्यायची, हळद उडायची, भजी तळायची. शेजारच्या तंबूंतली माणसं ताटल्या घेऊन यायची. ते छत म्हणजे तिचे ते सगळे ऑगस्ट होते. हे आज लिहिताना सुचतंय. तेव्हा मी तो डाग तीन वेळा शुगर सोपने, रंगाआधी भिंती धुवायच्या त्या साबणाने, घासला, डाग दाबणाऱ्या रंगाचे दोन हात दिले, वर पांढऱ्याचे दोन, आणि खाली उतरून मान मोडेपर्यंत कौतुकाने बघत राहिलो.

काम संपलं तेव्हा लेक शनिवार-रविवारसाठी आली. इथेच वाढल्याने तिच्या मराठीत 'तो' आणि 'ती'ची गल्लत होते. आत पाय टाकून ती दारातच थांबली.

"कसं झालंय?" मी विचारलं.

"खूप नीट झालाय, बाबा. रिअली." तिने छताकडे बघितलं, शेगडीकडे बघितलं. "पण आता डेंटिस्टकडे असते ना, तशी वास येते."

मी ते कौतुक समजलो. तिला म्हणालोसुद्धा, की जंतूंचा नायनाट केलाय. ती हसली नाही. बाकावर बसून कापडावरून हात फिरवत राहिली आणि मग म्हणाली, "आईला कधी दाखवणार? मी असताना नको. मला नाही बघायचा."

ती गेल्यानंतरच्या मंगळवारी, चार वाजता, ही पर्स घेऊन दारापाशी आली. मी म्हणालो, "चला, घरी जाऊ." ती लगेच निघाली. घरापासून कॅरॅव्हॅनपर्यंत वीस पावलं, ती आम्ही फार सावकाश चाललो. मी दार उघडलं. दोन पायऱ्या चढून ती आत गेली, बाकाच्या अगदी कडेवर टेकली, पर्स मांडीवर ठेवली आणि सगळीकडे नजर फिरवली. मी दारात उभा.

"छान आहे हो," ती म्हणाली. "नवीन घेतलीत?"

लोक परक्याच्या घरी बोलतात तो आवाज. मी चहा केला. तिने साखर नको म्हटलं, ती एरवी दोन चमचे घेते. पाच मिनिटांनी कप खाली ठेवून उठली.

"येते मी. आमचे हे यायची वेळ झाली. घरी कुणी नसलं की त्यांना चालत नाही."

आमच्या चाळीसहून अधिक वर्षांच्या संसारात तिने मला कधी नावाने हाक मारली नाही. अहो, नाहीतर लोकांशी बोलताना हे. ते 'हे' तिने माझ्यासमोर बसून माझ्याचविषयी वापरलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. एखाद्या शहाण्या माणसाने तिथेच तिचा हात धरला असता. मला आपली चेष्टा सुचली.

"कसे आहेत हो तुमचे हे?"

तिने थोडा विचार केला. "चांगले आहेत," म्हणाली. "डॉक्टर आहेत."

त्यानंतर चारच्या सुमाराला कॅरॅव्हॅनमध्ये जाणं हा आमचा परिपाठ झाला. ती पाहुणी, मी यजमान. घर हे नाहीच, हे मी दुसऱ्याच दिवशी ओळखलं होतं. पण ती निदान तिथे बसायची, दाराशी उभी राहायची नाही. आणि मला तेवढ्यावर समाधान मानता येईना. चौथ्या का पाचव्या दिवशी मी हिंग, मोहरी, हळद, कांदा, भिजवलेले पोहे असं सगळं घेऊन गेलो. वाटलं, डोळ्यांना नाही पटलं तर नाकाला पटेल.

फोडणी मी आयुष्यात कधी घातली नव्हती. तेल तापायच्या आत मोहरी टाकली. ती मख्खपणे तळाशी पडून राहिली.

"बाईमाणूस नाही वाटतं तुमच्याकडे," ती बाकावरून म्हणाली.

"आहे. पण तिला बरं नसतं."

"सरका."

ती उठली. माझ्या हातातला चमचा घेतला, आच वाढवली, हाताचा तळवा कढईवर धरून अंदाज घेतला. थोड्या वेळाने मोहरी तडतडली, तिने चिमूटभर हिंग टाकला, हळद टाकली आणि तो वास त्या करड्या डब्यात असा पसरला की माझे डोळे भरून आले. मला वाटलं, झालं. आता म्हणेल.

तिने गॅस बंद केला. चमचा ठेवला. आणि एकाएकी तिची धांदल सुरू झाली. ही खिडकी उघड, ती खिडकी उघड, ओट्यावरचं फडकं घेऊन ती वास दाराबाहेर हाकलायला लागली, जोरजोरात, दोन्ही हातांनी. "तुम्ही पण करा," मला म्हणाली, "हे यायच्या आत गेलं पाहिजे."

मी दुसरं फडकं घेतलं. काय करणार. आम्ही दोघं पाच मिनिटं फडकी हलवत उभे होतो. कुंपणापलीकडून म्हाताऱ्याने पाहिलं आणि पहिल्यांदाच काही न बोलता तो आत निघून गेला.

दमून ती बसली. मी विचारलं, "फार रागावतात का?"

"छे. रागावत नाहीत." पोह्यांना कुणी हातच लावला नव्हता. "वासाचं फार मनाला लावून घेतात. बाहेर त्यांना कुणी काही बोलत असतील. मग मी ते कामावर गेले की सकाळीच सगळं करून टाकते. ते येईपर्यंत खिडक्या उघड्या. थंडीत बोटं वळतात, पण होतं." तिने छताकडे पाहिलं, त्या माझ्या स्वच्छ पांढऱ्या छताकडे. "तुमच्याकडे बघा, एरवी कसला म्हणून वास नाही. ह्यांना आवडेल ही जागा."

"आणि तुम्हाला?"

"मला काय," ती म्हणाली. "मला कुठेही चालतं."

मग म्हणालो, मी त्यांना ओळखतो, तुमच्या ह्यांना. एका हॉस्पिटलात होतो आम्ही. त्यांना या गोष्टीचं फार वाईट वाटतं, त्यांनी तसं करायला नको होतं.

तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली, खरीच भीती.

"तुम्ही काही बोललात का त्यांच्याजवळ?"

"नाही."

"नका बोलू. त्यांना थंडीचं वगैरे काही माहीत नाही. उगीच जिवाला लावून घेतील."

"नाही बोलणार," मी म्हटलं.

तिने पर्स उचलली. मी पुढे होऊन पायऱ्या उतरायला हात दिला. परपुरुषाचा धरावा तसा तिने तो धरला, बोटांच्या टोकांनी, आणि जमिनीला पाय लागताच सोडून दिला.