माडाचं आडवं बळ

माडावर चढण्याआधी पाडेली आबा तळहाताने बुंधा दाबून क्षणभर उभे राहत, मगच पायांत सुंभाचा फास अडकवत. इब्रामपूरला आमच्या वाड्यावरचे नारळ तेच पाडायचे.

कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच. भौतिकशास्त्रात अडले तर विचारायचं कुणाला, हे कळत नसे. टेबलावरच्या पुस्तकाला टेबल त्याच्या वजनाइतक्याच बळाने वर ढकलतं, एवढं मी पाठ केलं होतं. चाचणीत हाताने भिंतीशी दाबून धरलेला ठोकळा आला. तिथेही मी अभिलंब बल, म्हणजे भिंत ठोकळ्याला ज्या बळाने ढकलते ते, वजनाइतकंच लिहिलं आणि नापास झाले. कॉलेज सोडावं, असं मनात येऊ लागलं.

वहीत भिंतीची उभी रेघ काढत मी माडाखाली बसले होते. आबा वहीत डोकावले.

"चेडवा, माड काढूक कॉलेजात जातंस?"

मी ठोकळ्याचं सांगितलं. त्यांनी बुंध्यावर तळहात टेकवला.

"वजन खाली ओढता. माड काय माका वर ढकलणा नाय, तो आडवो ढकलता. मी जितको दाबतंय, तितकोच तो माका उलटो दाबता. पाय ढिले सोडले, की घसरलंय मी."

तेव्हा उमगलं. भिंतीचं बळ वजनावर नाही, माझ्या हाताच्या दाबावर ठरतं. त्या दाबातून घर्षण येतं आणि ते ठोकळ्याला पडू देत नाही. पुढच्या चाचणीत मी पास झाले.

यंदा आबा अर्ध्या माडावर थांबले. पोटऱ्या थरथरत होत्या, तळवे बोटभर खाली सरकले. वजन तेच होतं, दाब कमी झाला होता.

"आबा, उतरा."

"कित्याक? साप दिसलो?"

"पाय दाबत नाहीत तुमचे."

ते सावकाश उतरले. माझ्याकडे न बघता पायांतला फास सोडू लागले.

"मी वाईच हलको झालंय तर चलात?"

वजन घटेल, पण पायांतला जोर त्याच्या आधी जाईल, हे मला कळत होतं. खोटं बोलायचा धीर झाला नाही. मी नाही म्हटलं.

आता दुसरा पाडेली येतो. तो आला की आबा आपल्या घराचं दार लोटून घेतात. आई म्हणते, तू त्यांचा जीव वाचवलास. आबा तसं कधी म्हणाले नाहीत, आणि त्यांना विचारायला माझं पाऊल त्या दाराकडे वळत नाही.