तुकोजींची बॅटरी, श्रीहरीचं मशीन

परदेशीपुऱ्यातल्या तुकोजी जाधवांकडे ड्रिलची बॅटरी होती. ड्रिल मशीन मात्र पुण्यात.

मिल बंद पडल्यावर तुकोजी आणि त्यांचा दोस्त श्रीहरी यांनी भागीदारीत ते बिनवायरचं मशीन घेतलं आणि पडद्यांच्या दांड्या लावत अर्ध्या परदेशीपुऱ्याच्या भिंतींना भोकं पाडली. श्रीहरी मशीन चालवायचा, तुकोजी खाली कागदाची पुडी धरायचे. फरशीवर धुळीचा कण पडेल तर शपथ! पुढे मुलानं श्रीहरीला पुण्याला नेलं, तेव्हा वाटणी झाली. मशीन त्याला, बॅटरी ह्यांना. दुसऱ्या कुणाबरोबर काम करायची सोयच नको, म्हणून.

यमुनाबाईंची डब्यांची फळी तेव्हापासून दाराआड उभी. शेजारचा रजत म्हणायचा, "काकाजी, माझं नवीन मशीन आहे ना, दो मिनट का काम!"

"श्रीहरी आला की लावू," तुकोजी म्हणायचे.

"माझे डबे जमिनीवर नि ह्यांची दोस्ती भिंतीवर," यमुनाबाई भांड्यांना सांगायच्या.

आणि श्रीहरीचा फोन आला. भाचीच्या लग्नाला येतोय, दुपार मोकळी आहे, मशीन आणतो. "बॅटरी जिवंत आहे ना रे?"

"एकदम!" तुकोजींनी ठोकून दिलं. बॅटरी केव्हाच मेली होती.

त्यांनी ती उघडली. आत दहा सेल, सगळे म्हातारे. नवे दहा आणले. नऊ बदलले आणि दहाव्यापाशी हात अडला. मीटरवर तो तसा बरा दिसत होता.

"हा राहू दे. विरजणाला."

"अहो, बॅटरी भरताय की दही लावताय?" यमुनाबाई म्हणाल्या.

श्रीहरी आला. पोह्यांवर मूठभर शेव घालून म्हणाला, "तिकडे पुण्यात पोह्यांवर शेव मागितली तर आधी गाव विचारतात." मग बॅटरी मशीनमध्ये बसली, मशीन गुरगुरलं आणि तुकोजींनी पुडी धरली. तीन भोकं पडली, तीन स्क्रू बसले. चौथ्यात अर्ध्यावर मशीन कण्हलं आणि थांबलं.

श्रीहरीनं बॅटरी चाचपली. एक कोपरा तापला होता. "भिया, जुना सेल ठेवलास?"

"एकच."

"थकलेला एक असला की तो आधी बसतो नि बाकीच्यांनाही बसवतो."

"आपल्या वेळचा होता रे," तुकोजी म्हणाले. पुडी हातातच होती.

"रजतचं मशीन मागवू का?" यमुनाबाईंनी विचारलं.

"नको!" दोघं एकदम ओरडले.

बाहेर लग्नघरची गाडी हॉर्न देत होती. श्रीहरीनं उरलेला नवा सेल खिशात टाकला, बॅटरी पिशवीत. "मी बदलून आणतो. मशीन आता तुझ्याकडे."

"कधी आणशील?"

"दिवाळीला."

"मागच्या दिवाळीलाही येणार होतास."

"तेव्हा माझ्याकडे बॅटरी होती का?"

गाडी गेली. तीन स्क्रूंवरच्या फळीवर यमुनाबाईंनी भीत भीत पापडांचा डबा ठेवला, सगळ्यात हलका. तुकोजी मशीन मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी बटण दाबून पाहिलं. आवाज कुठून येणार!

"ती धुळीची पुडी तरी टाका आता."

"राहू दे," तुकोजी म्हणाले. "अर्धं भोक बाकी आहे."