बाबांचा वन्समोअर

अल्फारेटातल्या ज्या सेंटरवर मी ऑफिसला जाताना बाबांना सोडायचे, त्याला ते म्हाताऱ्यांचं पाळणाघर म्हणत. आई गेल्यावर मी त्यांना नागपूरहून इकडे अमेरिकेत आणलं. दिवसभर घरात एकटं ठेवायचं म्हटलं की माझ्या जिवाला घोर. पाळणाघरात त्यांना एकच गोष्ट आवडायची, ती म्हणजे शुक्रवारची गाणारी बाई.

बाई सत्तरीची. कंट्री म्युझिक गायची. गिटार जुनी, बूट झिजलेले, लिपस्टिक मात्र चोख. तरुणपणी तिचं एक गाणं इथल्या रेडिओवर उन्हाळाभर वाजलं होतं. मग कंपनीने दुसरी रेकॉर्ड काढलीच नाही. पुढची सगळी वर्षं ती मोठ्या गायकांच्या आधी गायली, म्हणजे लोक खुर्च्या शोधत आणि बिअर आणत असताना. आता ती आमच्या म्हाताऱ्यांसमोर गायची आणि त्यातले निम्मे पेंगायचे.

बाबा पेंगत नसत. गाण्यातलं इंग्रजी त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण संगीत नाटकांवर पोसलेला माणूस तो. पहिल्या रांगेत बसून मांडीवर ताल धरायचे. "काय जागा घेते हो बाई!" असं संध्याकाळी मला इतक्या कौतुकाने सांगायचे, की जणू मीच तिला शिकवलं होतं.

त्या शुक्रवारी मी लवकर पोचले. बाई तिचं रेडिओवालं गाणं म्हणत होती. शेवटची चढी ओळ ती नेहमी खालच्या सुरात उरकायची. गळ्याचं दुखणं होतं, डॉक्टरांनी वर चढायला मनाई केली होती. सेंटरवर हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त बाबांना नव्हतं. गाणं संपलं आणि बाबा उभे राहून ओरडले, "वन्स मोअर!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाट्यगृहात शोभतं ते, इथे कोण असं ओरडतं? बाई गिटार ठेवायला वाकली होती, ती थांबली. बाबांकडे पाहिलं आणि पुन्हा सुरू केलं. या वेळी शेवटची ओळ तिने वरच घेतली. आवाज असा लखलखीत लागला की पेंगणारेही जागे झाले. मग तो फाटला. ओठ हलत राहिले, बाहेर नुसती हवा येत होती.

पार्किंगमध्ये मी माफी मागायला गेले. ती कशीबशी कुजबुजली, "आयुष्यभर माझ्यानंतर कोणीतरी मोठं यायचं असायचं. पुन्हा गा, असं कुणी म्हटलंच नाही. वडिलांना थँक यू सांग."

पुढच्या शुक्रवारी तिथे बिंगो होता. त्याच्या पुढच्याही. आवाज गेला तो गेलाच, असं तिथली मॅनेजर म्हणाली. गळ्याच्या दुखण्याचं मग मला बाबांनाही सांगावं लागलं. मला फार वाईट वाटलं, आणि संतापही आला. इतक्या वर्षांनी बाईला एक खरा श्रोता मिळाला, आणि त्याच्याच पायी तिचा आवाज जावा. तिचा निरोप मी बाबांना परत परत सांगितला.

"वन्समोअर मागितला की गाणारी देणारच गं," बाबा म्हणाले. "मागणाऱ्याला कळायला हवं."

गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एका मुलीने नाट्यगीत इतकं सुंदर म्हटलं की अख्ख्या हॉलने वन्समोअर दिला. बाबांनी दोन्ही हात शालीत घट्ट धरून ठेवले होते. मुलगी पुन्हा गायला पुढे आली तेव्हा ते मला म्हणाले, "चल बेटा, घरी जाऊ."