प्रश्न चौथा: चावी कोणाकडे असते?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, शाळेत माझ्याबरोबर सहा वर्षं काढलेल्या गुरुजींनाही नाही. एकदा आईजवळ विषय अगदी ओठांवर आला होता, पण ती तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती, तिला कशाला त्रास, असं म्हणून मी गिळला. खरं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आई आजारी आणि लेकीला सुटल्यासारखं वाटतंय — यावरूनच मी कशी आहे ते ओळखा.

मी प्राथमिक शिक्षिका. राहते रत्नागिरीत, शाळा हातखंब्याच्या पुढे, पालीच्या रस्त्यावरून आत वळून एका वाडीत. वाडीचं नाव सांगणार नाही. दोन शिक्षक, वीस-बावीस मुलं, पुढे मैदान, मैदानापलीकडे ग्रामदेवतेचं देऊळ. परिसर अभ्यास हा माझा आवडता विषय. पुस्तक मिटायचं आणि पोरांना बाहेर काढायचं, ही माझी पद्धत. बालसभा भरव, बाजार मांड, म्हाताऱ्यांच्या मुलाखती घे — केंद्रातले बाकीचे शिक्षक मला हसायचे, ‘उपक्रमबाई’ म्हणायचे. वरवर मी चिडायचे. आतून खूश असायचे.

त्या वर्षी चौथीला वाडीचा नकाशा करायला घेतला. तुम्ही शाळेत केला असेल तसला नाही, की विहीर, देऊळ, शाळा आणि उत्तर दिशेचा बाण. मला त्यात माणसं हवी होती. आमच्याकडे वाडीतली निम्मी घरं बंद. माणसं मुंबईला, गणपती-शिमग्याला येतात, आठ दिवस दिवे लागतात, परत कुलूप. हे मुलांनी स्वतः शोधून काढावं म्हणून मी प्रश्नावली केली. घरात माणसं किती? कामाला कुठे? घर केव्हा उघडतं? आणि चौथा — चावी कोणाकडे असते?

चौथा प्रश्न कशाला घातला? शेजारधर्म शिकवायला. गेलेली माणसं राहिलेल्यांवर कसा विश्वास टाकतात, हे मुलांना कळावं म्हणून. प्रश्न सुचला तेव्हा मी स्वतःवरच खूश झाले होते.

पाच बंद घरांच्या चाव्या एकाच बाईकडे असायच्या. सुभद्राकाकी. साठीच्या पुढची, काटक, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गणपतीच्या आधी ती ती घरं उघडायची, झाडायची, चुलीपुढे दिवा लावायची. कुणी तिला त्याबद्दल काही दिलेलं मी ऐकलं नाही. तिची नात श्रावणी माझ्या वर्गात होती. आईबाप मुंबईला, पोर आजीजवळ. नऊ वर्षांची, अक्षर इतकं सुंदर की नकाशावरचं लिखाण मी तिच्याकडेच दिलं.

चार कार्डशीट जोडून नकाशा झाला. वरच्या सड्याच्या कातळाला तपकिरी रंग, वाडीत चढणाऱ्या पाखाडीच्या दगडी पायऱ्या एकेक मोजून काढलेल्या, बंद घरं काळी. श्रावणीने काकीच्या घरावर छोटीशी पिवळी चावी काढली आणि शेजारी लिहिलं — ‘चाव्या आजीकडे. पडवीत सुपाच्या मागे खिळ्याला. आजी दुपारी काजूच्या बागेत असते, संध्याकाळी या.’

मी ते वाचलं. वाचलं, आणि तिच्या पाठीवर थाप मारली.

नकाशाचा फोटो मी शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. मग कॉलेजच्या मैत्रिणींच्या. मग स्टेटसला. तिथून तो कुठे कुठे गेला देव जाणे, पण दोन दिवस मोबाइल खाली ठेवता येईना इतकी वाहवा झाली. केंद्रप्रमुखांनी फोन केला. अनोळखी नंबरांवरून अभिनंदनं आली. त्यातल्या एकाने लिहिलं होतं — मॅडम, फारच छान उपक्रम, हे गाव नक्की कुठे आलं? मी उत्तर दिलं. नुसतं गाव नाही सांगितलं. हातखंब्याहून कुठे वळायचं, रिक्षा कुठपर्यंत येते, पाखाडी कुठून चढायची, सगळं. शेवटी हात जोडलेलं चित्रही पाठवलं.

त्याने पुन्हा काही विचारलं नाही. मला तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही.

शिमग्याला मुंबईची माणसं आली आणि पहिल्याच दिवशी वाडीत आरडाओरड झाली. चार घरांतली तांब्यापितळेची भांडी गेलेली. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक गेलेले — पिढ्यान् पिढ्या पुजलेले, त्या लोकांचे वाडवडीलच ते. आणि कुलपं? कुलपं जशीच्या तशी. कडी तुटलेली नाही, कौल हललेलं नाही. चाव्या सुपाच्या मागे, खिळ्याला, जागच्या जागी.

पोलीस आले, लिहून घेतलं, गेले. पण गावाला पोलीस कशाला हवेत? कुलूप न तोडता चोरी झाली, मग चावी कुणाकडे होती?

गुरुजींनी मला हे वर्गाच्या दारात सांगितलं. माझ्या मागे भिंतीवर नकाशा होता. मी वळून पाहिलं नाही, तरी ती पिवळी चावी मला पाठीत टोचत होती. मुलांना मैदानात पाठवलं, मोबाइल काढला, तो नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

आणि मग मी काय केलं असेल? त्या माणसाशी झालेलं सगळं बोलणं पुसून टाकलं. फोटो पुसले. ज्यावरून त्याचा पत्ता लागला असता, तो धागा मी माझ्याच अंगठ्याने घालवला. नकाशा काढला, घडी केली, शाळेमागे पालापाचोळा जाळतात तिथे नेऊन जाळला. गुरुजींना म्हटलं, वाळवी लागली होती. त्यांनी मान डोलावली. चांगला माणूस, माझ्यावर कधी संशय घेईल?

पुढच्या रविवारी देवळात गाव जमलं. मला मुद्दाम बोलावलं होतं, बाई शिकलेल्या, त्यांच्यासमोर होऊ दे म्हणून. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, देवीला फुलांच्या कळ्या लावल्या. उजवी पडली तर काकी निर्दोष, डावी पडली तर दोषी. काकी समोर उभी, पदर खांद्यावरून घट्ट घेतलेला. सगळे कळीकडे बघत होते. ना उजवी पडली, ना डावी. अर्धा तास झाला, गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं, घंटा वाजवली. काही नाही. तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, “देवीनंसुदा तोंड फिरवलान.”

तेवढंच पुरलं. बायका काकीपासून हातभर बाजूला सरकल्या. काकीने सगळीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

“बाई, तुमी तरी बोला. मी काय घेतला नाय.”

मी काय बोलायला हवं होतं, ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. दोन वाक्यं होती. मी म्हटलं, “पोलीस बघतील, काकी.” आणि चप्पल शोधायला लागले.

तुम्हाला वाटत असेल, हाच तो कबुलीजबाब. मलाही इथेच थांबायला आवडलं असतं. भ्याडपणा कबूल करायला तसा सोपा असतो, ऐकणाऱ्यालाही आपण आपल्यातलेच वाटतो. पण यापुढे जे केलं ते भीतीपोटी झालं, असं म्हणायला जीभ रेटत नाही. ते मी शांतपणे, विचार करून केलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत श्रावणी एकटी माझ्या टेबलाशी आली. डोळे सुजलेले. रात्रभर तिने डोकं चालवलं होतं. जे अख्ख्या गावाला उमगलं नाही ते त्या पोरीला उमगलं होतं.

“बाई, नकाशात आपण लिवला होता ना, चाव्या कुटं असतात ते? तो कुनीतरी वाचलान असंल. मी सांगू काय देवलात? म्हंजे आजीला कोन बोलनार नाय.”

आजीला सोडवायला आली होती ती. वाटही बरोबर सापडली होती. मी उठून दार लोटलं. तिला जवळ घेतलं — हो, जवळ घेतलं, केसांवरून हात फिरवला — आणि हळू आवाजात सांगितलं, की अक्षर तुझं होतं ना? मग लोक म्हणतील आजीनेच तुझ्याकडून लिहून घेतलं. पोलीस आजीला घेऊन जातील. तुला हवंय का तसं? नाही ना? मग हे कुणाला बोलायचं नाही. आजीलासुद्धा नाही. कधीच नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या शब्दावर तिचा विश्वास होता, वर्गातल्या सगळ्यांचाच असतो. ती म्हणाली, “नाय सांगनार.”

त्यानंतर वर्गात तिने हात वर केला नाही. काकीने पाचही चाव्या देवळाच्या पायरीवर नेऊन ठेवल्या. वाडीत तिच्याकडे विरजण मागायलाही कुणी येईना. परीक्षा संपायची होती, तरी मुलगा मुंबईहून आला आणि दोघींना न्यायचं ठरलं. श्रावणीचा शाळेचा दाखला काढायला काकी आली. ओचा नीट करून समोर बसली आणि म्हणाली, “पोरीला चांगलं वळण लावलात, बाई.”

दाखल्यावर एक रकाना असतो, शाळा सोडण्याचे कारण. मी पेन टेकवलं आणि लिहिलं — पालकांची विनंती. पुढचा रकाना वर्तणुकीचा. चांगली. खाली सही केली, शिक्का मारला. श्रावणी आजीच्या मागे उभी राहून वाकून वाचत होती. तिला वाचायला मीच शिकवलं होतं. ‘कारण’ या शब्दापुढे तिची नजर थांबली, मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

ती काही बोलली नाही. तेही तिला मीच शिकवलं होतं.