गिरजाची उन्हातली दोरी

गिरजा गेली तेव्हा मी रिसोडच्या बाजारात वांगी विकत होतो. शेजारचा नामदेव धापा टाकत आला, पाटीजवळ उभा राहिला आणि नुसतंच तोंड पुसत राहिला. मी म्हटलं, "बोल ना गा, बैल मेला काय?" तो म्हणाला, "दादा, वैनी..." पाट्या तिथंच टाकून निघालो. मळ्यात पोचलो तर माझ्या बायकोला अंगणात निजवलेलं, आणि वर तिची कापडं वाळवायची दोरी. रिकामी. महिना झाला त्याला. गिरजाबद्दल सांगायचं तर या दोरीचंच सांगावं लागतं.

ती नवी नवरी होती तेव्हा माझ्या थोरल्या भावाची बायको, सखू, बाळंत झाली. बाळंतपण सोपं गेलं, मुलगी झाली, मायनं गूळ वाटला. तिसऱ्या दिवशी सखूला हुडहुडी भरून ताप चढला. पोट फुगलं, अंगावरून जायचं त्याला घाण वास सुटला. माय म्हणाली सुवारोग आहे, वारं लागलं. मग झरोक्यात बोळे कोंबले, शेगडी पेटवली, अंगारा लावला. सखू त्या धुरातच गेली. गिरजा शेवटपर्यंत तिच्या उशाशी होती.

आमच्यात बाळंतिणीला घरातली सगळ्यांत जुनी धडुती द्यायची रीत. विटाळाचं काम, त्याला चांगलं कापड कशाला नासवायचं. ती धडुती नुसत्या पाण्यातून काढायची आणि गोठ्यामागं अंधारात वाळवायची, का तर गड्यांच्या नजरेला पडू नयेत. मग गाठोडं बांधून ठेवायचं पुढच्या बाळंतिणीसाठी. सखूच्या अंगाखालचं होतं तेवढं जाळलं, बाकीचं गाठोडं राहिलं. आणि आता पुढची बाळंतीण गिरजाच होती.

एक दिवस ती मायला म्हणाली, "आत्याबाई, ज्या वाफ्यात मिरचीचं रोप सडलं, त्यात तुमी दुसरं रोप टाकता काय?"

"वाफा येगळा, बाई येगळी."

"हो ना. रोपाची तरी काळजी हाय तुमाले."

मला हसू आलं. माय माझ्यावरच घसरली, "हास, बायकोचा बैल."

भाजीची गाडी वाशीमला निघाली तशी गिरजा गाडीत बसली आणि दवाखान्यातल्या नर्सबाईला विचारून आली. बाईंनी सांगितलं, कापड खळखळ उकळा, कडक उन्हात वाळवा. सुईणीनं नखं काढायची, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, आत हात घालायचा नाही. आणि बाळंतिणीला ताप आला, वास सुटला, तर अंगारा लावत बसू नका, गाडी जुंपा. परतताना गिरजा म्हणाली, "मले दोरी बांधून द्या. अंगणात, दिवसभर ऊन राह्यते तिथं."

मी मोटेचा जुना नाडा काढला आणि कडुनिंबापासून विहिरीच्या खांबापर्यंत ताणून बांधला. गिरजानं हंड्यात कापडं उकळली आणि भर रस्त्यासमोर टांगली. माय दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. येणारे जाणारे विचारत, "काय गा, झेंडे कायचे लावले?" मी म्हणायचो, "देव बसवला. नारळ घेऊन ये."

कळा सुरू झाल्या तेव्हा रखमाबुढी सुईण आली. मी दाराबाहेर होतो. आतून गिरजाचा आवाज, "बुढे, पह्यले हात धू."

"माह्या हातानं अर्धं गाव जलमलं वो."

"मंग अर्ध्या गावाची घाण असन त्याच्यावर. धू."

बुढी तणतणत बाहेर आली. मी तिच्या हातावर ऊन पाणी ओतलं, नखं काढायला लावली. मुलगा झाला. पण माझं लक्ष पुढच्या दिवसांवर होतं. मळ्यात काम करायचो अन् कान खोलीकडं... कण्हते काय, दात वाजतात काय. सखूला ताप आला तो दिवस उलटला, दुसरा उलटला. मग सकाळी आतून हाक आली, "अवो, वांग्याले पाणी देलं काय?" मी फावडं उचललं आणि वांग्याकडं पळालो.

त्यानंतर बाया पदराखाली कापडं झाकून गिरजाकडं उकळायला आणू लागल्या. रखमाबुढीही न सांगता हात धुवायला पुढं करायची. सगळ्याच वाचल्या असं मी म्हणणार नाही. एकीच्या घरच्यांनी ताप लपवला. गाडी वाशीमला पोचायच्या आधीच ती गेली. गिरजानं तिच्या नवऱ्याला भर रस्त्यात धरलं, "बायको तापानं फणफणत होती तं तुये बैल काय मेलते?" त्या दिवशी ती जेवली नाही. पण जिथं कापड उकळलं, हात धुतले, तिथं सुवारोग मी क्वचितच पाहिला. त्याला वारं म्हणा, कोप म्हणा, मी मळकं धडुतं म्हणतो.

परवा नामदेवाची बायको दारात आली. पदराखाली गाठोडं. "दादा, लेकीचे दिवस भरत आले. वैनी असत्या तं..." एवढं म्हणून ती परत फिरली.

मी म्हटलं, "पाणी काय हात पाहून उकळते? आण इकडे."

"तुमी गडीमानूस, विटाळाचं..."

"आण म्हटलं ना."

आधी कोपरापर्यंत हात धुतले. नाहीतर गिरजानं जिथं असेल तिथून शिवी हासडली असती. हंडा चुलीवर चढवला, कापडं खळखळ उकळली, पिळून दोरीवर टाकली. दुपारी पाहिलं तर एका फडक्यावर कडुनिंबाची सावली आली होती. उठलो अन् ते उन्हात सरकवलं.