सुताराच्या घरची मांडणी

या सुतारकाकांना एक खोड होती. कुणाकडे स्वयंपाकघराचं काम घेतलं, की करवतीला हात लावायच्या आधी ते घरच्या बाईला भिंतीशी उभं करायचे. "हात वर करा. टाचा उचलायच्या नाहीत. लाजता काय, फोटो नाही काढत!" बोटं पोचतील तिथं कानामागच्या पेन्सिलीनं रेघ मारायची, आणि त्या रेघेच्या वर फळी म्हणून ठोकायची नाही. एका घरी नवराच रांधायचा. काकांनी त्यालाच उभं केलं, तर त्याची बायको हसून हसून खाली बसली. "आधी माणूस मोजतो, मग लाकूड," हे ते चहाच्या दर कपाबरोबर एकदा ऐकवायचे. ऐकणाऱ्यांना पाठ झालं होतं, पण काकांचा उत्साह काही आटला नाही.

आता त्यांच्या स्वतःच्या घराची गंमत ऐका. उरलेले ठोकळे, पाती नसलेले रंधे, पाय नसलेल्या खुर्च्या आणि खुर्च्या नसलेले पाय, सगळं भरून राहिलेलं. लेक माहेरी आली आणि खुर्चीच्या पायाला ठेचकाळली. "बाबा, हे घर आहे की वखार?" एवढंच म्हणाली. पण काकूंनी ते मनावर घेतलं. त्यांनी नियम काढला: दर रविवारी दोघांनी एकेक वस्तू ओसरीवर काढायची, भंगारवाला सोमवारी नेईल. आणि एकानं काढलं की दुसऱ्यानं का म्हणून विचारायचं नाही.

पहिल्या रविवारी काकूंनी त्यांच्या आईचा तडा गेलेला आरसा काढला. पदरानं पुसला, भिंतीला टेकवला आणि वळून न बघता आत गेल्या. काकांनी मूठ नसलेली करवत काढली आणि अंधार पडायच्या आत गुपचूप परत आणली. पुढच्या रविवारी काकूंची लग्नातली ट्रंक गेली. काकांनी एक गंजका खिळा काढला.

"अहो, खिळा?"

"विचारायचं नाही असं ठरलंय ना?"

काकू हसल्या. पण असं किती दिवस चालणार? मग काकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वस्तू कुणाची काढायची हे नियमात कुठं होतं? स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात फळांचं एक जुनं खोकं होतं, कुणीतरी वेड्यावाकड्या खिळ्यांनी ठोकलेलं, वर पोत्याचा तुकडा. सुताराच्या घरात असलं ध्यान! काकांना ते कायम सलायचं. त्यांनी ते उचललं आणि विजयी मुद्रेनं ओसरीवर नेऊन ठेवलं.

काकूंनी खोक्याकडे पाहिलं, मग काकांकडे. नियम त्यांचाच होता. सोमवारी खोकं गेलं.

त्या आठवड्यात काका जरा वैतागलेच. चहा ठेवला, की आतून हाक. "अहो, साखरेचा डबा काढून देता?" भाजी चिरली, की "अहो, तेवढं तिखट." काका रंधा खाली ठेवून उठायचे, डबा द्यायचे आणि पुटपुटायचे, "म्हातारपणी हिला नवऱ्याला नाचवायची हौस आलीय." आणि हे का, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातसुद्धा आला नाही बघा.

शनिवारी नर्सबाई आल्या. त्यांच्या घरचं काम काकांनी नुकतंच उरकलं होतं, म्हणून खास आभार मानायला. काकूंच्या मदतीला त्या आत गेल्या. डबा काढायला हात वर केला, तर बोटं फळीच्या कडेलाही लागेनात. नर्सबाई चांगल्या उंच, काकूंपेक्षा वीतभर तरी.

"काका!" त्या आतूनच ओरडल्या. "ही मांडणी कुणी केली हो? जिराफासाठी का?"

"माझ्या हातची आहे ती," काका दारात येत छाती फुगवून म्हणाले. "उस्तादांपासून वेगळा झालो तेव्हाचं पहिलं काम. लग्नाच्या आधी केली, अखंड लाकडात."

"ते दिसतंय. पण मला भिंतीला उभं करून हात वर करायला लावलात, टाचांवरून दोनदा रागावलात. आणि काकूंना? त्यांना कुठल्या भिंतीला उभं केलंत?"

काकांनी वर मांडणीकडे पाहिलं. मांडणी केली तेव्हा घरात माप घ्यायला एकच माणूस होता, ते स्वतः. आणि लग्नानंतर पहिल्याच महिन्यात काकूंनी विचारलं होतं, "ही जरा खाली घेता येईल का?" "माझ्या पहिल्या कामाला करवत लावू?" असं ते गरजले होते. काकूंनी परत विषय काढला नाही. कुठून तरी चढायला खोकं आणलं. वाकडे खिळे कुणी ठोकले होते, ते काकांना आत्ता कळलं.

"त्यांनी विचारलं होतं हो," काकू घाईघाईनं म्हणाल्या. "मीच नको म्हटलं. मला अशीच आवडते. उंचावर ठेवलं की मुंग्या लागत नाहीत."

नर्सबाईंना पटलं. पण काकांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. थट्टा त्यांनी पचवली असती, बायकोचं हे खोटं मात्र पचेना. इतक्या सहज आलं तिच्या तोंडून! याआधी किती जणांपुढं बोलली असेल? चहा त्यांनी खाली मान घालून प्यायला. आधी माणूस मोजतो हे वाक्य त्या कपाबरोबर आलं नाही. नर्सबाई जाताना म्हणाल्या, "काका, आज गप्प का?" त्यावर ते नुसतं "हं" म्हणाले.

तसेच उठून ते भंगारवाल्याकडे गेले.

"खोकं? फोडून बंबात घातलं की. काका, तुमच्याकडे लाकडाला तोटा आहे होय?"

काका तोंड चुकवून परतले. येताना रस्त्यावरच्या घराघरांतून त्यांच्या हातच्या मांडण्या दिसत होत्या, आणि प्रत्येकीसमोर कुणीतरी बाई पाय जमिनीवर ठेवून आरामात डबा काढत होती. मान वर करून त्यांना चालवेना.

रविवारी त्यांनी मांडणीवरचे डबे उतरवले आणि पाचरी सैल करायला घेतल्या.

"अहो, हे काय? तुमचं पहिलं काम ते!"

"विचारायचं नाही असं ठरलंय."

"पण खाली लावता येईल ना. टाकता कशाला?"

"नको." त्यांना तिच्याकडे बघवेना. "मला ती डोळ्यांपुढं नको."

मांडणी ओसरीवर गेली. या वेळी काकांनी ती परत आणली नाही. आत येऊन त्यांनी रिकाम्या भिंतीकडे बोट दाखवलं.

"उभी राहा. हात वर कर."

"या वयात?" काकू हसल्या, पण उभ्या राहिल्या. काकांनी पेन्सिल टेकवली आणि सवयीनं खाली पाहिलं.

"टाचा टेक."

"टेकल्यात की."

"नाही टेकल्या."

काकूंनी वाकून पाहिलं. खरंच टेकल्या नव्हत्या. त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. मग त्यांनी एकेक टाच हळूच जमिनीवर ठेवली. भिंतीवर बोटं खाली खाली आली, आणि काका हातातली पेन्सिल घेऊन, रेघ न मारता, कितीतरी वेळ तसेच उभे राहिले.

"मारा ना रेघ," काकू म्हणाल्या. "हात दुखतोय माझा."